डोंगरापलीकडची संधी

त्या मुलुखात आता कोणालाच काही छापून घ्यायचे नव्हते.

पूर्वी तसे नव्हते. लग्न ठरले की पत्रिका लागे, दुकान निघाले की जाहिरातीचा कागद लागे, आणि कोणी गेले तर तेराव्याची चिठ्ठीसुद्धा छापूनच घरोघर जाई. मग साळुंक्यांनी निरोप पोचवायला सुरुवात केली. सांगायचे ते एकीच्या कानात सांगावे, आणि आपण घरी परतायच्या आत ते साऱ्या रानात झालेले असे. साळुंक्या कधी चुकीचे सांगत, कधी अर्धवट सांगत. पण लवकर सांगत. मुलुखाला एवढे पुरेसे वाटले.

छापखानेवाल्यांचे एक मंडळ होते. एके काळी त्याच्या वार्षिक सभेला नदीकाठचा वड पुरत नसे. आता सभा बाभळीखाली भरे आणि सावली उरत असे. अध्यक्ष होते नकुलराव नावाचे मुंगूस. त्यांनी स्वतःचा छापखाना केव्हाच बंद करून सीताफळीची बाग धरली होती. पण अध्यक्षपदाला दुसरे कोणी उभे राहत नव्हते, म्हणून ते होते.

मंडळाची चिटणीस होती अणकुची नावाची साळिंदर. दर पौर्णिमेला सभासदांना एक पत्रक जाई, ते ती लिही. पत्रकात दोन रकाने असत. एक वार्तांचा, एक संधींचा. वार्तांचा रकाना आपोआप भरे. कोणाच्या शाईच्या रुळाला उंदीर लागले, कोणाची नजर गेली आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणे थांबले, कोणी कुलूप लावले. संधींच्या रकान्यासाठी मात्र ती पंधरा-पंधरा दिवस वणवण करी. पाणवठ्याच्या पंचांना विचारी, बाजारात विचारी, मधमाश्यांच्या दारात उभी राही. "काही छापायचं आहे का?" या प्रश्नाला लोक आता नाहीही म्हणत नसत. नुसते हसत.

एका महिन्यात तिला काहीच मिळाले नाही. ती नकुलरावांकडे गेली आणि म्हणाली, "या खेपेला एकच रकाना छापू या का?"

नकुलराव सीताफळीच्या बुंध्याशी माती ओढत होते. "अणकुचीबाई," ते न वळताच म्हणाले, "वार्तांनी कोणी जगत नाही. संधींचा रकाना कोरा गेला की सभासद कुलूप शोधू लागतात. काहीतरी बघा."

परतताना ती पाणवठ्यावर थांबली. तिथे एक करकोचा उतरला होता. लांबून आला होता आणि लांब जायचा होता.

"डोंगराच्या पलीकडून आलात का?" तिने विचारले.

"वरून आलो."

"पलीकडे काय आहे?"

"एक गाव आहे. पोरं दिसली."

"शाळेत जाणारी?"

"जात असतील, नसतील. मी वरून पाहिलं, बाई. पोरं होती एवढं नक्की."

घरी येऊन तिने लिहिले, 'डोंगरापलीकडच्या गावात मुले असल्याचे समजते.' एवढ्याशा ओळीने रकाना अधिकच रिकामा दिसू लागला. तिने 'समजते' खोडले. मुले असतील तर शाळा असणारच, म्हणून शाळा लिहिली. शाळा म्हटली की अंकलिप्या लागणार, म्हणून अंकलिप्या लिहिल्या. शेवटी मजकूर असा झाला: 'डोंगरापलीकडच्या शाळेस अंकलिप्या छापून हव्यात. इच्छुक सभासदांनी समक्ष भेटावे.' प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातूनच निघाले होते. ती फार दमली होती. तिने दिवा लावलाही नव्हता, कारण ऊन अजून अंगणात होते. नुसते डोळे मिटून घेतले.

पत्रक छापायची पाळी त्या महिन्यात धोंडोबा कासवाची होती. खरे तर गेले वर्षभर त्याचीच होती, कारण चालू छापखाना त्याचा एकट्याचा उरला होता. धोंडोबाने तो मजकूर एकेक खिळा उचलून जुळवला. खिळ्यांवर अक्षरे उलटी असतात, त्यामुळे ती ओळ त्याने आधी उलटी वाचली आणि छापून झाल्यावर सुलटी वाचली. दोन्हीकडून त्याला ती खरीच वाटली.

चार दिवसांनी तो अणकुचीच्या दारात आला. छापायची शिळा त्याने पाठीवर बांधली होती. गळ्यात खिळ्यांची थैली होती.

"चिटणीसबाई, निघालो," तो म्हणाला.

"कुठे?"

"पलीकडे. अंकलिपीचं काम म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचं काम. पोरं संपत नाहीत."

अणकुचीच्या अंगावरचे काटे आपोआप उभे राहिले. "धोंडोबा, एकदम बिऱ्हाड हलवू नका. आधी नीट चौकशी करून या."

"चौकशी झालीच की. तुम्ही छापलंय म्हणजे झालीच." तो समाधानाने हसला. "जागाही सोडली. पाणवठ्यालगतची. बेडकांचं एक कुटुंब थांबलंच होतं."

त्या मुलुखात सोडलेली जागा परत मिळत नसे. हे दोघांनाही ठाऊक होते.

"मंडळाचं एक शिफारसपत्र द्या," धोंडोबा म्हणाला. "अनोळखी गाव. कागद जवळ असला की बरं."

तिने सांगायला तोंड उघडले. पण तो उंबऱ्याशी थांबला होता, शिळेच्या भाराने त्याची मान खाली गेली होती, आणि कितीतरी वर्षांत कोणी तिच्याकडे येऊन काही मागितले नव्हते. तिने कागद घेतला. 'आमचे जुने व विश्वासू सभासद' असे लिहिले. खाली मंडळाचा शिक्का मारला. शिक्का जरा तिरपा उमटला, म्हणून शेजारी पुन्हा एकदा सरळ मारला.

धोंडोबा गेला. आठवड्याने अणकुची पुढच्या पत्रकाला बसली, पण हात चालेना. तेवढ्यात नकुलराव आले. बऱ्याच काळाने त्यांचा चेहरा फुलला होता.

"मोठ्या अक्षरांत घ्या," ते म्हणाले. "'आमच्या सभासदास परमुलुखी काम.' खेकडेबुवांनी ऐकलं आणि रूळ घासायला काढले. ती छापखाना बंद पडलेली घूस आहे ना, तीही विचारत होती वाट कुठून आहे म्हणून. बघितलंत? एक रकाना काय करतो ते!"

"नकुलराव, ती शाळा मी पाहिलेली नाही."

"मी तरी कुठे पाहिलीय?" नकुलराव म्हणाले. "आपण बातमी देतो. बघणं सभासदांचं काम."

दुसऱ्या दिवशी उजाडताच अणकुची डोंगराच्या वाटेला लागली. कासवाला गाठणे अवघड नाही असे तिला वाटले होते. पण धोंडोबा कुठेच थांबला नव्हता. वाटेत ठिकठिकाणी मातीत शिळेच्या घसटीच्या खुणा होत्या. एका चढावर त्या मागे घसरून पुन्हा वर गेलेल्या दिसत होत्या. तिथे ती थोडा वेळ उभी राहिली. चौथ्या दिवशी दुपारी, खिंडीच्या अगदी तोंडाशी, तिला तो दिसला. वाट तिथे एका बाजूला कडा आणि एका बाजूला दरी अशी होती. एका वेळी एकानेच जावे इतकी अरुंद.

"तुम्ही कशा आलात?" धोंडोबा म्हणाला. "काही राहिलं का पत्रात?"

"पत्रात नाही राहिलं," ती म्हणाली. "धोंडोबा, तिथे शाळा नाही. असली तरी मला माहीत नाही. करकोचा म्हणाला, पोरं दिसली. बाकीचं मी लिहिलं."

 धोंडोबाने शिळा खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण ठेवायला जागा नव्हती.

"अंकलिप्या?" त्याने विचारले.

"त्याही मीच."

"मी तुमच्या दारात उभा होतो तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"मग पत्र का दिलंत?"

"तुम्ही मागितलंत म्हणून."

यावर तो रागावेल असे तिला वाटले. रागावला असता तर तिला बरेही वाटले असते. पण तो नुसता मागे वळून आपण चढून आलेली वाट पाहू लागला. खाली, फार खाली, पाणवठा एखाद्या शाईच्या डागाएवढा दिसत होता.

"उतरायला जास्त दिवस लागतात मला," तो म्हणाला. "पाठीवर भार असला की पुढे तोल जातो. आणि उतरून तरी कुठे जाऊ? जागेत बेडूक आहेत."

"माझ्या अंगणात राहा."

"आणि करू काय? तुमचं पत्रक छापू?"

 तेवढ्यात खिंडीच्या वरच्या अंगाने दगड घरंगळल्याचा आवाज आला. पलीकडून कोणीतरी येत होते.

आधी एक खवल्या मांजर दिसले. वयस्कर होते, आणि त्याच्या पाठीवर दाबयंत्राची लाकडी चौकट बांधलेली होती. त्याच्यामागे त्याची बायको होती; तिच्या हातात शाईचे मडके होते, आणि ते सांडू नये म्हणून ती एकेक पाऊल जपून टाकत होती. तिच्याही मागे, वळणावर, आणखी काहीजण दिसत होते. सगळ्यांच्या पाठीवर काही ना काही होते.

खवल्या मांजराने आधी धोंडोबाची शिळा पाहिली, मग खिळ्यांची थैली. त्याचे डोळे एकदम मवाळ झाले.

"आमच्याच धंद्यातले दिसता," ते म्हणाले. "बरं झालं भेटलात. आम्ही पलीकडच्या मुद्रक संघाचे. आमच्याकडे काम उरलं नाही हो. पण आमचे चिटणीस फार खटपटी आहेत, चारी दिशांची खबर ठेवतात." त्याने खवल्यांच्या आतून एक घडी घातलेला कागद काढला आणि तो अदबीने अणकुचीपुढे धरला. "तुम्ही खालच्याच ना? जरा वाट सांगाल? आम्हांला पाणवठ्याजवळच्या शाळेत जायचंय."

अणकुचीने कागद उघडला. दोन रकाने होते. छपाई स्वच्छ होती, समास नीट सोडले होते, आणि दुसऱ्या रकान्याच्या तळाशी शिक्का दोनदा मारलेला होता. तिने तो मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. पाणवठ्याजवळ बेडूक होते; शाळा कधीच नव्हती. मग पुन्हा एकदा वाचला. कागदाची घडी पूर्वीसारखीच घालायला तिला बराच वेळ लागला.

खवल्या मांजर उत्तराची वाट पाहत होते. धोंडोबाने तिच्या तोंडाकडे पाहिले, आणि मग वर, वळणापर्यंत थांबलेल्या त्या रांगेकडे पाहिले.  पाहुण्यांना जाऊ द्यावे म्हणून तो हळूहळू सरकला आणि शिळेसकट कड्याला चिकटून उभा राहिला.

"या," तो म्हणाला. "आधी तुम्ही."

"छे, छे," खवल्या मांजर म्हणाले, आणि तेही चौकटीसकट कड्याला चिकटले. "तुम्ही चढून आलात, दमला असाल. आधी तुम्ही."