ओढोबाची तीन झाकणं

अवजारं माणसांदेखत भांडायची, त्या काळची गोष्ट. भिवा सुताराने घरातल्या कारखान्यात भुसा ओढणारा मोठा पंखा बसवला. सगळे त्याला ओढोबा म्हणत. त्याच्या नळीचे तीन फाटे करवत, रंधा आणि गिरमिटापर्यंत जात. प्रत्येक फाट्याच्या तोंडाला झाकण होतं.

"ज्याचं काम चालू असेल, त्यानेच झाकण उघडायचं," ओढोबाने सांगितलं.

रंधा फुरंगटला. "करवतीचं उघडं आणि माझं बंद? मी काय सावत्र आहे?" गिरमिटानेही त्याचीच री ओढली. मग तिन्ही झाकणं उघडीच राहिली. ओढोबाचा दम तिघांत वाटला गेला आणि भुसा घरभर उडाला.

भिवाची बायको रखमा शिंकत आली. "अहो, भाकरीतसुद्धा भुसा! उद्या मला एक जरी शिंक आली, तर हे धूड दुकानात परत द्या."

ओढोबा जाणार म्हणताच तिघंही वरमली. सकाळी प्रत्येकाने दुसऱ्यासाठी आपलं झाकण घट्ट लावून घेतलं. करवत सुरू झाली, भुसा उडाला आणि दारात उभ्या रखमाचं नाक वर गेलं.

"अगं, त्याग पुरे!" ओढोबा कळवळला. "राबतेयस तू, तर उघड ना झाकण!"

करवतीने झटकन झाकण उघडलं. भुसा सुर्रकन नळीत गेला आणि रखमाची शिंक नाकातच राहिली.