पेटीत ठेवलेलं विरजण

एका गावात मालन नावाची एक बाई होती आणि तिच्या घरात दह्याचं एक गाडगं होतं. सासूने ते तिच्या हातात दिलं त्याला तीस वर्षं झाली, पण त्यातलं विरजण कधी तुटलं नव्हतं. रोज सकाळी शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. मालन मागेल तिला चमचाभर द्यायची आणि उरलेल्यावर दूध ओतून ठेवायची.

एका गुरुवारी तिची लेक तनू शाळेतून तोंड पाडून आली. बाईंनी 'वेल्थ' हा इंग्रजी शब्द शिकवला होता. वेल्थ म्हणजे संपत्ती. सोमवारी प्रत्येकाने घरातली वेल्थ आणून दाखवायची होती.

"आई, आपल्याकडे काय आहे गं?"

मालन गोंधळली. संपत्ती म्हणजे काय ते तिला कळत होतं, पण ती आपल्या घरात कुठे असते ते कळेना. पोरगी वर्गात रिकाम्या हाताने उभी राहील, या विचाराने तिला जेवण जाईना. तिने पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, पेपरात जमिनीला वेल्थ म्हणतात, पाण्याला म्हणतात, कधीकधी माणसांनाही म्हणतात. त्याने गोंधळ आणखी वाढला. मग तिने वाण्याला विचारलं.

"सोपं आहे वहिनी. जिला कुलूप लागतं ती वेल्थ."

मालनने घरभर पाहिलं. कुलूप लावावं असं एकच काही दिसलं, ते सासूचं गाडगं. शुक्रवारी तिने ते लोखंडी पेटीत ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली.

शेजारणी आल्या. मालन म्हणाली, आता सोमवारपर्यंत नाही. तशा त्या परत गेल्या. पलीकडच्या हौसाकाकू तेवढ्या दारात थांबल्या.

"दह्याला कुलूप लावलंस होय? मग म्हशीलाही तिजोरीत बांध."

मालनला वाईट वाटलं, पण तिने पेटी उघडली नाही. आपण बरोबर करतोय की चूक, हेच तिला ठरवता येईना. तीन दिवस घरात ताकही झालं नाही.

सोमवारी सकाळी तिने पेटी उघडली आणि वासाने मागे सरली. गाडग्यावर हिरवी बुरशी चढली होती. तनू दप्तर घेऊन उभी होती. 

मालन वाटी घेऊन हौसाकाकूंच्या दारात गेली.  काकूंनी वाटी पाहिली आणि आतून दह्याचं भांडं आणलं.

"तुझंच आहे. तू नाही म्हणालीस, तेव्हा घरातल्या वाटीचा तळ खरवडला आणि त्याच्यावर दूध विरजलं. विरजणापुरतं उरावं म्हणून पोरांना रोज थोडं कमी वाढते एवढंच."

मालनचे डोळे भरून आले. सासूचं विरजण तिच्या पेटीत मेलं होतं आणि काकूंच्या भांड्यात जिवंत होतं.

तनू काकूंनी भरून दिलेली वाटी घेऊन वर्गात उभी राहिली. पोरं हसली. ती म्हणाली, "आमची वेल्थ कुलपात नासली. ही काकूंकडे राहिली म्हणून वाचली."

 बाईंनी आपल्या डब्याचं झाकण पुढे केलं. "चमचाभर दे मला. लावून बघते."

वेल्थचा नेमका अर्थ मालनला अजूनही विचाराल तर ती गोंधळते. पण गाडगं आता चुलीशेजारी असतं आणि पेटीत गोधड्या.

तात्पर्य एवढंच घ्यायचं, की आपण दिलेलं चार घरांत जगतं आणि अडीअडचणीला तिथूनच आपल्याकडे परत येतं.