बनाबाईचा घाणा

मोहवाडीत बनाबाई नावाची एक तेलीण राहत होती. ओढ्याकाठी तिची चांगली काळी जमीन होती, पण स्वतःचा घाणा नव्हता. करडईचे पोते डोक्यावर घेऊन ती तीन कोस चालत जाई आणि दुसऱ्याच्या घाण्यावर तेल काढून आणी. त्यातले बरेचसे तेल भाडे म्हणून तिथेच ठेवावे लागे.

त्याच गावात हिराशेट नावाचा व्यापारी होता. तो एक दिवस तिच्या दारात आला. ओढ्याकाठची जमीन मला दे, मी तुला नवा घाणा आणि तरणा बैल देतो, असे म्हणाला. बनाबाई हरखून गेली. हिराशेटने दुसऱ्याच दिवशी कागद करून आणला. घाणा आठ दिवसांत येईल, तोवर अंगठा करून ठेव, असे त्याने सांगितले. तिला वाचता येत नव्हते. तिने अंगठा उठवला. कागदात लिहिले होते, ‘जमीन दिली, मोबदला पोचला.’

आठ दिवस गेले. दोन महिने गेले. घाणा काही आला नाही. बनाबाई विचारायला गेली की हिराशेट नवे कारण सांगे. घाणा नाही तर जमीनही नाही, असे म्हणून तिने शेत कसणे सोडले नाही. हिराशेटनेही तिला अडवले नाही. त्याला शेती करायचीच नव्हती. त्याने ती जमीन शेजारगावच्या अंताजी सावकाराकडे गहाण टाकली होती आणि आलेल्या पैशांत मिठाचा व्यापार मांडला होता. तो व्यापार बुडाला. गहाणाची मुदत टळली. करारात ठरले होते त्याप्रमाणे जमीन सावकाराची झाली.

एका सकाळी अंताजी चार गडी, मोजणीची दोरी आणि हद्दीचे दगड घेऊन ओढ्यावर आला. तिथे संत्र्यांची बाग करायचे त्याच्या मनात कित्येक वर्षांपासून होते. कलमेसुद्धा त्याने सांगून ठेवली होती. बनाबाई धावत आली आणि पहिला दगड रोवायच्या जागीच बसली. गडी तिला उठवायला पुढे झाले. तेवढ्यात बातमी गावात पोचली. बाया हातातली कामे टाकून निघाल्या, म्हातारे काठ्या टेकत आले. बघता बघता बांधावर उभे राहायला जागा उरली नाही. शेवटी सुभानराव पाटील आले. गडबड थांबली.

पाटलांनी तिथेच निवाडा मांडला. अंताजीने गहाणखत पुढे केले. हिराशेटने बनाबाईच्या अंगठ्याचा कागद दाखवला. दुष्काळात मी हिला धान्य पुरवले, त्याच्या बदल्यात हिने जमीन दिली, घाण्याचे बोलणे कधी झालेच नाही, असे तो शांतपणे सांगू लागला.

बनाबाई म्हणाली, “पाटील, घाणा मिळणार नसता तर मी पोटापाण्याची जमीन कशाला दिली असती?”

“या बोलण्याला कोणी साक्षीदार होता का?” पाटलांनी विचारले.

“नाही,” ती म्हणाली. बोलणे दोघांतच झाले होते. पाटलांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. त्यांना हिराशेटचा संशय येत होता, पण कागद त्याच्या बाजूने होता. आता पाटील काय सांगणार, म्हणून सगळे कान टवकारून उभे राहिले. हिराशेटच्या चेहऱ्यावर हसू उमटले.

अंताजी मात्र अस्वस्थ झाला होता. त्याला एक गोष्ट ठाऊक होती. ती सांगितली तर जमीन हातची जाणार होती. गप्प राहिले तर ती घटकाभरात त्याची होणार होती, आणि कोणाला कधी काही कळणारही नव्हते. त्याने ओढ्याच्या पाण्याकडे पाहिले. मग जमिनीवर बसलेल्या बनाबाईकडे पाहिले. तो पुढे झाला.

“पाटील, साक्षीदार मी आहे,” तो म्हणाला.

हिराशेट दचकला. लोक एकमेकांना ढकलत पुढे सरकले.

अंताजीने सांगितले, की गहाण ठरवायला तो हिराशेटच्या वखारीत गेला होता, तेव्हा तिथे बाभळीचा नवाकोरा घाणा पडला होता. हा बनाबाईला जमिनीच्या बदल्यात द्यायचा आहे, असे खुद्द हिराशेटच म्हणाला होता. पुढे तोच घाणा जत्रेत विकला गेल्याचेही अंताजीच्या कानावर आले होते.

“मी तेव्हाच विचारायला हवे होते. जमिनीच्या मोहाने विचारले नाही,” असे म्हणून त्याने गहाणखत पाटलांच्या हाती दिले.

पाटील म्हणाले, “घाणा दिला नाही, तर जमीन हिराशेटची झालीच नाही. जी त्याची नव्हती ती त्याला गहाण टाकता येत नव्हती. जमीन बनाबाईची. सावकाराचे देणे हिराशेटने आपली वखार विकून फेडावे.”

बांधावर एकच जल्लोष झाला. बायांनी बनाबाईला हात धरून उठवले. ती रडत होती आणि हसतही होती.

चौथ्या दिवशी ती स्वतःच अंताजीकडे गेली. अर्धी जमीन बागेसाठी देते, मला घाणा द्या, बैल मी माझा बघीन, असे तिने सांगितले. अंताजी आनंदाने कबूल झाला. या वेळी आधी घाणा आला, तो तिच्या अंगणात बसला, तेलाची धार पडली. मग कागद चारचौघांत दोनदा मोठ्याने वाचला गेला, आणि त्यानंतरच तिने अंगठा केला. पुढे पंचक्रोशीत कोणताही मोठा सौदा ठरला, की दोन्हीकडचे लोक मध्यस्थ म्हणून अंताजीला बोलवू लागले.

तात्पर्य: सौद्यातले आपले देणे दिल्याशिवाय घेतलेली वस्तू आपली होत नाही, आणि स्वतःचे नुकसान होत असतानाही जो खरे बोलतो, त्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.