चिरुतेच्या बांधापाशी थांबणाऱ्या नावा

चेरुकायल गावाच्या पूर्वेला एक मातीचा बांध आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि शेत नदीपेक्षा पुरुषभर खाली. केरळच्या या भागात असंच आहे. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत मल्याळी माणूस पाण्याशी भांडून भात पिकवतो. नवखा माणूस त्या बांधावर पाऊलसुद्धा जपून टाकतो.

आपण दिवाळीच्या पाडव्याला ज्याचं राज्य मागतो, तो बळीराजा ओणमच्या सणाला इथे घरोघरी येतो, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. त्याच्यासाठी अंगणात फुलांची रांगोळी, केळीच्या पानावर जेवण, आणि नदीत शंभर वल्ह्यांच्या लांब नावांची शर्यत. त्या नावा गात गात वाऱ्यासारख्या येतात आणि या बांधापाशी एकदम थांबतात. गाणंही थांबतं. का, ते म्हातारे नावाडी पाप्पूआशान पाहुण्यांना सांगतात. आशान म्हणजे वस्ताद; नावेवरच्या जाणत्याला इथे तसंच म्हणतात.

फार पूर्वी, म्हणे, बांधाची राखण चिरुता नावाच्या बाईकडे होती. तिची माणसं शेतात राबणारी. भात त्यांनी पिकवायचा, पण देवीच्या देवळाच्या घाटावर पाय ठेवायची त्यांना बंदी. बांधाच्या पायथ्याशी त्यांच्या वीस झोपड्या होत्या. त्यातल्याच एकीत चिरुतेची तीन महिन्यांची मुलगी झोळीत निजली होती.

त्या ओणमला डोंगरात पाऊस थांबला नव्हता. दुपारी बांधावरून फिरताना चिरुतेच्या पायाला ओल लागली. वाकून पाहिलं तर खेकड्याच्या बिळातून शेताकडे करंगळीएवढी धार येत होती. तिने चिखल दाबला. धार मनगटाएवढी झाली. मग ती नदीच्या अंगाला उतरून भोकाला पाठ लावून बसली, तेव्हा कुठे पाणी दबलं. पण आता तिला उठता येईना. उठावं तर बांध फुटणार, आणि खाली झोळीत पोर. तिने वस्तीला हाका मारल्या. बरीचशी माणसं पलीकडच्या टोकाला शर्यत बघायला गेली होती. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना ढोलाच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात पहिली नाव वळणावर आली. चिरुतेने डोक्याचं फडकं सोडून जोरजोरात हलवलं, घसा फुटेतो ओरडली. पण शर्यतीत काठावरचा जो तो फडकं हलवतो, जो तो ओरडतो.

"बघा रे, बांधावरचीसुद्धा आपल्याच बाजूची!" नावेतला एक जण म्हणाला.

"नुसती ओरडू नकोस, ये, वल्हं घे!" दुसरा हसला. आणि नाव गेली. दुसरीतल्या लोकांनी तर उलट हात हलवले. तीही गेली. चिरुतेच्या पाठीमागची माती आता सुटत होती. ते तिला कळत होतं, आणि ती कुणाला सांगू शकत नव्हती.

तिसरी नाव फार मागे पडली होती. हरणाऱ्याला कसलं गाणं? तिची माणसं मान खाली घालून मुकाट वल्हवत होती. म्हणून त्यांना ऐकू गेलं, असं सांगतात.

सुकाणूवरच्या कोरनने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"जवळ येऊ नका म्हणता ना आम्हाला, मग लांबून तरी ऐका! पाणी आत चाललंय. खाली माझी पोर आहे!"

एक वल्हेकरी पुटपुटला, "आशान, नाव देवीची. त्या लोकांचा हात लागला तर..."

"लागू दे," कोरन म्हणाला. "वळवा."

त्यांनी नाव आडवी करून बांधाला टेकवली, तिचा तळ फोडला आणि पाणी अडावं म्हणून होती तिथेच बुडवली. निम्मे चिखल लोटत राहिले, निम्मे खाली वस्तीकडे धावले. मुलगी झोळीसकट वर आली. म्हातारी माणसं वर आली. बांध टिकला. चिरुता मात्र दिसली नाही. नाव टेकेपर्यंत ती उठली नव्हती, आणि टेकल्यावर नाव आणि बांध यांच्यामधून तिला उठता आलं नाही.

त्याच संध्याकाळी तिन्ही नावांच्या माणसांनी बांधावर उभं राहून शपथ घेतली, म्हणे, की यापुढे इथे थांबल्याशिवाय कुठलीही नाव पुढे जायची नाही.

इथवर आलं की एखादा पाहुणा विचारतोच, "आता बांधाला दगडी अस्तर आहे ना? मग कशाला थांबायचं?"

"बांध पक्का आहे असं त्या दिवशीही सगळे म्हणत होते, बाळा," पाप्पूआशान म्हणतात.

आजही शर्यतीतली प्रत्येक नाव इथे थांबते, पुढे असो की मागे. वल्ही उभी राहतात. गाणं म्हणणारा पुढारी हाक देतो, "बांधावर कोण आहे? पाणी कुठवर आलंय?" उत्तर द्यायचा मान चिरुतेच्या वस्तीचा. ते लगेच मिळत नाही. त्यांचा माणूस आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो, जागोजाग वाकून माती चाचपतो. तोवर शंभर वल्ह्यांवरून पाणी ठिबकत राहतं, आणि नावेत कुणी खोकतसुद्धा नाही.