ठकूचा वाढत्या मापाचा जोडा

नदीकाठच्या एका गावात नेमाशेट नावाचे गुळाचे व्यापारी राहत होते. माणूस मनाने मोकळा, हाताने सढळ. फक्त एक खोड होती. कुठलेही काम मागे राहिलेले त्यांना खपत नसे. "एकदाचं मिटवून टाका," हे त्यांचे आवडते वाक्य. नातवंडांचे कपडेसुद्धा ते असे शिवून घेत, की पुढची काही वर्षे शिंप्याकडे जायला नको. सदऱ्याच्या बाह्या लोंबत, पोरे त्यात अडखळत, पण शेट म्हणत, "वाढतं अंग आहे. येईल मापात."

एका बाजारच्या दिवशी शेटना फार घाई होती. गाडी भरून तयार होती. गाडीवान म्हणाला, "शेट, दोर कुजलाय. बदलू का?"

"आजचा दिवस निघेल रे. हाक!"

गाडी वेशीपर्यंत पोचली आणि दोर तुटला. गुळाची भली मोठी ढेप घरंगळली ती थेट ठकूच्या पायावर. ठकू ही केरबा बुरुडाची आठ वर्षांची मुलगी. गाडीमागे सांडणारे गुळाचे खडे वेचायला ती धावली होती.

वैद्यबुवांनी हाड बसवले. बांधायच्या कामट्या केरबाने स्वतःच तासून दिल्या. पाय जुळला, पण दुसऱ्यापेक्षा दोन बोटे आखूड राहिला.

पाटील वारल्यापासून गावाचा न्यायनिवाडा पाटलीणबाई करीत. त्यांनी सगळ्यांना चावडीवर बोलावले. शेट आपणहून उभे राहिले.

"दोष माझाच आहे. दोर मीच बदलू दिला नाही. वैद्यबुवांचं सगळं देणं मी देतो, केरबाची बुडालेली मजुरीही देतो."

"ते झालं आजवरचं," पाटलीणबाई म्हणाल्या. "पुढचं काय?"

वैद्यबुवा म्हणाले, "त्या पायाला जाड तळाचा जोडा लागेल. तो घातला तर पोर सरळ चालेल. नाही घातला तर कंबर एका बाजूला कलेल, आणि हाडं पक्की झाली की मग माझ्याच्यानं काही व्हायचं नाही. त्यातून पोर वाढतेय, तेव्हा..."

शेटनी त्यांना पुढे बोलूच दिले नाही. "वाढतेय ना? मग वाढत्या मापाचाच करू! असा जोडा करवतो, की हिच्या लग्नापर्यंत बघायला नको. एकदाचं मिटवून टाका!"

लोकांनी माना डोलावल्या. केरबाला आणखी काही मागायचा संकोच वाटला. पाटलीणबाई एवढेच म्हणाल्या, "येऊ दे जोडा. मग बघू."

जोडा आला. मऊ चामडे, वर जरीची वेलबुट्टी, टोकाला लाल गोंडा. आणि माप एवढे, की ठकूचे दोन्ही पाय एकात मावावेत! आईने आत चिंध्या कोंबल्या. ठकू दोन पावले चालली. तिसऱ्या पावलाला ठकू पुढे गेली आणि जोडा मागे राहिला.

"ठके, तुझा जोडा मागून येतोय बघ!" पोरे ओरडली.

"येऊ दे की. म्हातारा आहे तो, दमतो," ठकू म्हणाली आणि सगळ्यांबरोबर आपणही हसली.

काही आठवडे गेले. एक दिवस शेट दुकानाच्या पायरीवर उभे होते. समोरून ठकू टोपल्या घेऊन लंगडत येत होती. डोक्यावर टोपल्यांची चळत आणि सगळ्यात वर तो जोडा, फडक्यात गुंडाळलेला. गोंडा तेवढा बाहेर डुलत होता.

"काय गं पोरी, जोडा डोक्यावर कशाला?"

"शेटजी, हा माझ्या लग्नातल्या पायाचा आहे. तो पाय आला की घालीन. तोवर उंदरांपासून जपते." मग जरा थांबून तिने विचारले, "आजच्या पायाचा जोडा कुठे मिळतो हो?"

शेटना हसू आले, पण ते ओठांवरच राहिले. ठकूची कंबर एका बाजूला कलू लागली होती. वैद्यबुवांचे बोलणे त्यांना आठवले.

इतक्यात त्यांची गाडी दाराशी आली. डावा बैल पाय उचलून धरत होता. शेट ओरडले, "अरे, नाल झिजलीय याची! आत्ताच्या आत्ता नालबंदाकडे ने!"

गाडीवान सगळे ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "शेट, परवा परवाच तर नवी ठोकली होती. आता एकदाच चांगली जाड, मोठी नाल ठोकू. बैल म्हातारा होईपर्यंत बघायला नको."

"डोकं फिरलंय का तुझं? बैल आज चालायचाय की म्हातारपणी? नाल झिजेल तशी बदलायलाच..."

शेट बोलता बोलता थांबले. गाडीवान बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

त्याच दिवशी शेट चावडीवर गेले. "पाटलीणबाई, मी काही मिटवलं नाही. नुसतं झाकलं. वैद्यबुवांना पुन्हा बोलवा. या वेळी मी मध्ये बोलणार नाही."

वैद्यबुवांनी ठकूला उभे केले, चालवून पाहिले, तिच्या आईबापांची उंची न्याहाळली. "नक्की किती वाढेल हे कोण सांगणार? पण अंदाज बांधता येतो. वाढ पुरी होईपर्यंत दरवर्षी नवा जोडा. मध्येच तळ झिजला तर तो बदलायचा. थंडीत पाय दुखेल, तेव्हा तेल आणि शेक. मोठी झाली की माप बदलणार नाही, पण झिजेल तसा जोडा लागणारच, जन्मभर."

शेटनी कमरेची थैली सोडून पुढे ठेवली.

"थांबा," पाटलीणबाई म्हणाल्या. "आज यात पुष्कळ जोडे येतील. चामडं महागल्यावर येतील का?"

केरबाही धीर करून बोलला, "आणि बाई, घरात पैसा राहिला तर तो माझ्याच हातून खर्चेल. पाऊस आला की मला छप्पर आठवतं."

शेट विचारात पडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना घाई नव्हती. शेवटी ते म्हणाले, "माझ्या गुऱ्हाळामागे चिंचेची तीन झाडं आहेत. ती ठकूच्या नावावर करा. चामडं महागेल तेव्हा चिंचही महागेल. मी असेन नसेन, झाडं राहतील. एखाद्या वर्षी चिंच कमी धरली तर कमी पडेल ते माझ्या दुकानातून. हे माझ्या मुलांवरही बंधनकारक राहील."

पाटलीणबाई हसल्या. "शेट, आता मिटलं."

तेव्हापासून दरवर्षी चिंचा उतरल्या की ठकूला नवा जोडा येई, तिच्या त्या वर्षीच्या पायाचा. कंबर सरळ झाली. थोड्याच दिवसांत लंगडीच्या खेळात ती चांगल्या चांगल्यांना दमवू लागली.

ठकू मोठी झाली. तिचे लग्न ठरले. हळदीच्या दिवशी तिने तो जरीचा जोडा बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर पाय आत घातला. जोडा अजूनही चार बोटे मोठाच होता! सारा मांडव हसला. काठी टेकत आलेले नेमाशेट सगळ्यांत मोठ्याने हसले.

जोडा त्यांनी मागून घेतला आणि दुकानात खुंटीला अडकवला. कोणी घाईघाईने म्हणाले, "एकदाचं मिटवून टाका," की शेट त्या जोड्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, "तो बघा माझा अंदाज. अजून त्याला पाय सापडला नाही!"

तात्पर्य: आपल्या हातून कुणाला इजा झाली, तर आजची जखम बांधून आपण मोकळे होत नाही, त्या माणसाला उद्या आणि त्यापुढेही काय लागेल, याचा जाणत्यांना विचारून अंदाज घ्यावा आणि तेवढी सोय करून द्यावी.