पंतांच्या दारातले गाडे

“गाडे तरी राहतील, नाहीतर मी तरी राहीन!” असं म्हणून विसाजीपंत पोतनीस भर दरबारात फतकल मारून बसले.

गाडे होते शेजारच्या सुभाना गाडीवानाचे. तीन मालवाहू गाडे, सहा बैल. सुभाना गावोगावचं मीठ, गूळ, मिरची वाहायचा आणि गाडे स्वतःच्या दारासमोर सोडायचा. पंतांची तक्रार मोठी होती. पहाटे घुंगरं वाजतात, झोपमोड होते. मिरचीच्या पोत्यांनी शिंका येतात. आणि परवा तर चाकाचं वंगण त्यांच्या नव्या धोतराला लागलं. तक्रार अगदीच खोटी नव्हती, पण खरं दुखणं वेगळंच होतं. पोतनिसाच्या घराशेजारी गाडीवान राहतो, हेच त्यांना सोसत नव्हतं.

सुभानानं हात जोडले. गाडे वेशीबाहेर ठेवले तर माल चोर नेतात आणि बैल लांडगे नेतात, मग खायचं काय, असं तो विचारत राहिला. पण राजा अमोघसेन एकदा बोलला की बोलला. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, अशी त्याची ख्याती. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला.

“आजपासून गाडे वेशीबाहेर. दसऱ्याच्या आत पंतांनी स्वतःच्या तोंडानं ‘गाडे माझ्या दारात उभे करा’ म्हटलं, तर गाडे कायमचे गल्लीत. नाही म्हटलं, तर सुभाना, तू बिऱ्हाड उचल आणि दुसरं राज्य बघ.”

दरबार खदखदून हसला. पंतांनी तर जागेवरच विडा तोंडात टाकला.

सुभाना घरी येऊन सामान बांधायला लागला. त्याची लेक हौसा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, “बाबा, गाठोडं सोडा. पंतांकडं करंज्याहून पाव्हणं कधी येनार, तेवढं सांगा.”

पंतांच्या लेकीला करंज्याच्या एका बड्या अडत्याचं स्थळ आलं होतं आणि मुलाचे वडील घर बघायला येणार होते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण करंज्याची रीत फक्त हौसाला ठाऊक होती, कारण बापाबरोबर माल घेऊन गेली, की ती तिथल्या लग्नघरांत बायकांत बसायची. तिकडचे लोक सोयरीक करताना आधी दारातले गाडे बघतात आणि मग मुलगी. दार रिकामं दिसलं, की गूळपाण्यालाही न थांबता माघारी फिरतात.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोतनीसबाई भेटल्या. हौसानं त्यांचा हंडा भरून दिला आणि फार गोड आवाजात म्हणाली, “बरं झालं बाई, आमचं गाडं गेलं. आता पाव्हणं आलं की दार कसं स्वच्छ, रिकामं दिसंल! करंज्याकडचे लोक म्हणं गाडं मोजत्यात. मोजायची कटकटच न्हाई.”

बाईंच्या हातून हंडा निसटला. त्या तशाच घरी धावल्या आणि पंतांच्या मागे लागल्या. पंतांच्या तोंडचं पाणी पळालं. बडा घर, पोकळ वासा! पागोटं केवढं, पण दारात साधी हातगाडीही नाही. त्यात मुलगी उपवर आणि असं स्थळ पुन्हा मिळायचं नाही.

पाहुणे यायच्या सकाळी पंत चोरपावलांनी सुभानाच्या दारात आले. एका दुपारपुरते गाडे हवेत म्हणाले, आणि पोत्यांनी भरलेले हवेत म्हणाले. पोत्यांत कोंडा असला तरी चालेल.

“देऊ की,” हौसा म्हणाली. “पण राजाची आज्ञा हाय. वेशीवरचा शिपाई आमास्नी गाडं आत आनू देत न्हाई. तुमीच सांगा त्याला.”

पंतांना राजाची अट आठवत नव्हती असं नाही. पण वेशीवरच्या शिपायाला कोण विचारणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वेशीवर जाऊन ते म्हणाले, “गाडे सोड. माझ्या दारात उभे करायचे आहेत.” शिपायानं मुजरा करून गाडे सोडले.

पाहुणा आला. त्यानं तिन्ही गाडे बघितले, बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि तिथंच सोयरीक पक्की केली. पंत इतके फुगले, की व्याह्यांना मिरवत थेट दरबारात मुजऱ्याला घेऊन गेले. तिथं हौसा शिपायाला घेऊन आधीच उभी होती.

शिपायानं वेशीवरचे शब्द जसेच्या तसे सांगितले. राजानं भुवई उंचावली. “पंत, तुमच्या दारातले गाडे कोणाचे?”

पंतांच्या इकडे आड, तिकडे विहीर. सुभानाचे म्हणावं तर शेजारी व्याही कान देऊन बसलेले. पंत खाली बघत पुटपुटले, “माझेच, महाराज.”

“मंग सोताच्या गाड्यांवर फिर्याद कशापायी, पंत?” हौसानं विचारलं.

पण राजा हट्टी तो हट्टीच. तो हौसाला जवळ बोलावून दबक्या आवाजात म्हणाला, “पोरी, तू जिंकलीस, अटीप्रमाणे गाडे गल्लीत राहतील. पण व्याह्यांची पाठ वळली, की हे पुन्हा घुंगरांची आणि मिरचीची रड घेऊन माझ्याकडे येणार. त्याचं काय?”

“येऊ द्या की, महाराज. पंतांनी नको म्हटलं, की त्याच घडीला मी गाडं हलवते. फकस्त आदुगर व्याह्यांना इचारा, त्ये पुन्यांदा कवा येनार?”

राजानं विचारलं, तसे व्याही खुशीत हसले. “आता काय, घरचंच झालं! वर्षभर येणं-जाणं चालायचं. आणि आमच्याकडे सांगून यायची पद्धत नाही.”

राजा असा हसला, की मुकुट सावरायला दोन हात लागले. त्यानं हौसाला तिथल्या तिथं एक नवाकोरा गाडा आणि पांढरी शुभ्र बैलजोडी बक्षीस दिली. संध्याकाळी तो चौथा गाडाही पंतांच्या ओसरीपुढे येऊन उभा राहिला, आणि व्याह्यांना तो दाखवताना पंतांनी बैल किती गुणी आहेत तेही सांगितलं.