शीतमण्याचं धुकं

एका राज्यात राजा होता पद्मसेन. त्याची राणी चारुमती, आणि धाकटी बहीण इंदुलेखा. राणीला दिवस गेले होते. बाळ सुखरूप यावं म्हणून तिनं सूर्यनारायणाचं व्रत धरलं. दर्शन झाल्यावाचून अन्न घ्यायचं नाही. व्रत बरं चाललं होतं. पण एके सकाळी राज्यावर धुकं उतरलं, ते उठेचना. सूर्य दिसेना, आणि राणी तीर्थाच्या घोटावर राहिली. ओठ सुकले, डोळे खोल गेले. इंदुलेखेचा पाय घरात ठरेना. दारात जाई, आभाळ बघे, परत येई.

"वहिनी, दोन घास घ्या. देव काही रागावायचा नाही."

"रागाचं भय नाही, वन्सं. मी शब्द दिलाय."

दासी कुजबुजली, "बाईसाहेब, पितळेची परात घासून झाडाला टांगू. धुक्यात सूर्यच वाटेल."

इंदुलेखेला क्षणभर मोह पडला. मग ती म्हणाली, "व्रत त्यांचं खरं, अन् सूर्य आपला खोटा? नको गं."

ती पलिता घेऊन बाहेर पडली. पलिता उंच धरला, तर समोर पांढरी भिंत. गुडघ्याशी धरला, तेव्हा पायवाट दिसली. चार पावलांपुरतं जग पुढे उघडे, मागे मिटे. पापण्यांवर थेंब, केसांत थेंब. कुणी हाक मारल्यासारखं वाटे. वळून बघावं, तर बाभूळ.

बांधावरून टिटवी बोलली, "राजकन्ये, त्याच बाभळीला परत फेरा? वड समजून पूजतेस की काय?"

"हसू नकोस. हे धुकं कसं उठेल, तेवढं सांग."

"तळ्याची वाफ, जमिनीचा गारवा आणि वाऱ्याची झोप. तिघं एकत्र आली की धुकं जमतं. तिघांना वेगळं कर."

इंदुलेखा तळ्यावर गेली. तळं तिच्याशी बोललं, "माझ्या तळाशी शीतमणी होता, म्हणून मी गार होते. तुझ्या भावानं तो नेला. आता माझी ऊन वाफ गार जमिनीवर पडते आणि तिचे थेंब होतात. मणी दे, वाफ आवरते."

ती तशीच माघारी आली. "दादा, शीतमणी कुठे आहे?"

राजानं मान खाली घातली. "चारुमतीला उन्हाळा सोसेना, म्हणून आणला. तिच्या महालाच्या अंगणात पुरला. सांगायची हिंमत झाली नाही."

"मग आता खणायची तरी करा!"

राजानं स्वतः कुदळ घेतली. मणी लागला, पण तळ्यातून नेणाऱ्याच्या हातून तो उचलला जायचा नाही, असा त्याला शाप होता. इंदुलेखेनं तो पदरात घेतला. गारव्यानं पलिता विझला. बोटं बधिर झाली, मग मनगटं. जमिनीवर ठेवायची सोय नव्हती. ठेवला असता तर तिथंच रुतला असता. टिटवी हाका देत होती, पण धुक्यात ती हाक चहूकडून येई. वहिनी अजून असतील का, या एका विचारानं इंदुलेखा घाबरी झाली होती. मग तिनं कानांचा नाद सोडला. पायांखालची माती जिकडे ओली होत गेली, तिकडे ती चालली.

काठावर तळ्याचा राखणदार धूम्रकेश मांत्रिक बसला होता. मण्याला शाप त्यानंच दिला होता. त्याच्या उपरण्याच्या गाठीत वारा निजला होता.

"मणी आणलास?"

"आणला. माझ्या भावाचं चुकलं."

"चूक कबूल झाली, शाप संपला. सोड."

मणी पाण्यात गेला. तळं निवलं, जमिनीला ऊब आली. मांत्रिकानं गाठ सोडली. वारा आळस देत उठला, आणि धुकं गवतावरून उचललं, फाटलं, पांगलं. देव्हाऱ्यातल्या टाकाएवढा फिकट सूर्य दिसला. बघता बघता तो पिवळा झाला.

इंदुलेखा धावत आली. वहिनीला धरून तिनं अंगणात आणलं. राणीनं सूर्याला हात जोडले. दासीनं पेजेची वाटी पुढे केली, तशी राणीनं ती हातानं अडवली.

"वन्सं, तुम्ही कधी जेवलात?"

इंदुलेखा पायाच्या बोटानं माती उकरत राहिली.

राणी दासीला म्हणाली, "अगं, दोन पाट मांड."

राज्यात ऊन पडलं, पुढे राणीला गोंडस मुलगी झाली. आणि ज्यांच्या घरी कुणी उपाशी वाट पाहत बसलं असेल, त्यांच्याही दारी ऊन लवकर येवो.